किलीफिशची अंडी सगळी पांढरी पडतायत, कुणी घरी पिल्लं काढलीयेत का?

सुदामानगरी (६ एप्रिल)
नमस्कार मंडळी. चुकीच्या विभागात धागा टाकला असेल तर संपादकांनी हलवावा, मोबाईलवरून टायपतोय. मी इंदूरला सुदामानगरात राहतो. फेब्रुवारीत एका ओळखीच्याकडून गार्डनेरी किलीची जोडी घेतली. नराचं काय सांगू, निळसर हिरवं अंग आणि त्यावर कुणी कुंकवाचं बोट टेकवत गेल्यासारखे लाल ठिपके, शेपटीला पिवळी किनार. मादी बिचारी मातकट, लक्षही जाणार नाही. दीड फुटाची काचपेटी, स्पंज फिल्टर, नळाचं पाणी, वर काचेचं झाकण.

आजीच्या स्वेटरची मरून लोकर उरली होती, तिचा झुपका करून बुचाला बांधला आणि पाण्यात सोडला. तिसऱ्या दिवशी त्यात ९ अंडी!! साबुदाण्यापेक्षा बरीच लहान, काचेसारखी. डब्यात पाणी घेऊन वेगळी ठेवली. चौथ्या दिवसापर्यंत सगळी पांढरी, वर कापूस. असं चार वेळा झालं, चाळीसेक अंडी गेली. बुरशीवरचं मिथिलीन ब्लू पण घातलं, एकदा तर इतकं की पाणी शाईसारखं झालं. डबा स्वयंपाकघरात फ्रिजवर असतो, कारण तिथे कुणाचा हात लागत नाही. मी रोज दोन तीनदा उघडून बघतो. काय चुकतंय?

मोरंबा (६ एप्रिल)
शीर्षक वाचून वाटलं किल्ली हरवली आणि अंडी नासली, दोन्ही एकाच घरात :D वाचतेय.

लष्करकर (६ एप्रिल)
ताई, कुलपाशी संबंध नाही आणि इंग्रजीतल्या मारामारीशीही नाही. डच भाषेत 'किल' म्हणजे ओहोळ, छोटा नाला. तिथले मासे म्हणून किली. आमच्या घरी पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा सासरेबुवा म्हणाले, जावई पिरान्हा पाळतोय.

सुदामानगरी, धागा चांगला आहे. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो, पूर्वी किली होते माझ्याकडे. सविस्तर रात्री लिहितो.

टीडीएस_मीटर (७ एप्रिल)
पाणी!! आधी पाण्याचं बोला. नर्मदेचं आहे का बोअरचं? इंदुरात अर्ध्या लोकांना माहीतच नसतं की आपल्या टाकीत दोन्ही मिसळतं. बोअरचं असेल तर विसरा, त्या पाण्याने आमच्या गिझरच्या कॉइलवर बोटभर थर बसतो. आरओ पाणी मिसळा, अर्धं अर्धं. आणि कृपया आरओचं वाया जाणारं पाणी वापरू नका, ते तर मूळच्यापेक्षाही जड असतं, लोक काटकसर म्हणून तेच टँकमध्ये ओततात.

सुदामानगरी (७ एप्रिल)
आमच्याकडे एक दिवसाआड नर्मदा येते. टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजायचा) मागून आणला शेजाऱ्याकडून, नळाचं २४० दाखवतंय. टाकीत बोअर मिसळत नाही, वडिलांनी वेगळी लाइन घेतलीय. बादलीत एक दिवस ठेवून मगच घालतो, क्लोरीनचा वास येतो म्हणून.

टीडीएस_मीटर (७ एप्रिल)
२४० तर चांगलं आहे. मग मला माहीत नाही. :(

जुनीइंदूरवाली (७ एप्रिल)
हा पहिला माणूस या संस्थळावर ज्याने "मला माहीत नाही" लिहिलं. फोटो काढून ठेवते.

रामबागचे काका (८ एप्रिल)
सुदामानगरी, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. पाणी ठीक आहे, गार्डनेरी पाण्याच्या बाबतीत फार नखरे करत नाही, मध्यम जड पाण्यातही मजेत अंडी देतो. मी "फ्रिजवर" या शब्दाशी थांबलो. फ्रिज जुना आहे का? दुपारी चार वाजता त्याच्या डोक्यावर तळहात ठेवून बघा आणि मग इथे सांगा. जमलं तर डब्याच्या पाण्यात थर्मामीटर बुडवा. हा मासा नायजेरिया कॅमेरूनकडचा, आफ्रिका म्हटलं की आपल्याला वाटतं ऊन, पण हे राहतात झाडांच्या सावलीतल्या ओढ्यात. २२ ते २५ त्याला सुखाचं. ३० च्या पुढे मोठा मासा कसाबसा काढतो, अंडी नाही काढत.

दुसरं म्हणजे पांढरी कधी पडतात ते नीट बघा. पहिल्या चोवीस तासांत पडली तर फळलीच नव्हती असं समजायचं, नवी जोडी असली की सुरुवातीची बरीच अंडी वांझ निघतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दोन चार दिवस स्वच्छ राहून मग गेली तर मात्र ती जिवंत होती आणि आपण घालवली.

सुदामानगरी (८ एप्रिल, रात्री)
काका, आत्ता अंगावर काटा आला. फ्रिज २००६ चा आहे. साडेचारला डब्यात ३४!! मी आतापर्यंत सगळ्यांना सांगत होतो की थंड वस्तूवर ठेवलंय. आणि हो, पहिल्या दिवशी तीन चारच पांढरी व्हायची, बाकीची तिसऱ्या चौथ्या दिवशी.

मोरंबा (८ एप्रिल)
अहो आमची मांजर हिवाळ्यात फ्रिजवरच झोपते, तिला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

रामबागचे काका (९ एप्रिल)
आता लोकरीबद्दल. खरी लोकर पाण्यात कुजते, आणि मरून रंग सुटतो. राजवाड्याजवळ लोकरीची दुकानं आहेत तिथून ॲक्रिलिकचा गुंडा आणा, गडद हिरवा नाहीतर तपकिरी, गडद रंगावर अंडी दिसतात. पातेल्यात उकळा, पाणी फेका, परत उकळा, रंग सुटायचा थांबेपर्यंत (पातेलं घरातलं चांगलं घेऊ नका, मी एकदा घेतलं होतं). पुस्तकाभोवती वीस पंचवीस वेढे घ्या, एका टोकाला बांधा, दुसरं टोक कापा. बुचाऐवजी थर्माकोलचा तुकडा चालतो. या झुपक्यालाच मॉप म्हणतात.

अंडी काढताना मॉप हलक्या हाताने पिळायचा आणि खिडकीशी धरून धागे फाकवत बघायचं. गार्डनेरीचं अंडं दीड मिलिमीटरच्या आसपास असतं आणि कवच चिवट, चिमटा लागत नाही, बोटांनी उचला. घाबरू नका, चांगलं अंडं फुटत नाही. जे बोटात पिचकतं ते तसंही गेलेलंच होतं. एक चिकट तंतू असतो त्याला, त्याने ते धाग्याला धरून राहतं, म्हणून जरा ओढावं लागतं.

मिथिलीन ब्लूचे दोन चार थेंब, पाणी आकाशी दिसेल इतकंच. त्यात एक गंमत आहे, मेलेलं अंडं निळं शोषून घेतं आणि जिवंत अंडं स्वच्छ राहतं. म्हणजे रोज ड्रॉपरने निळी-पांढरी वेचून काढायची, एकाची बुरशी दुसऱ्याला लागते. पण दिवसातून एकदा. भिया, तीनदा डबा उघडून अंडी लवकर फुटत नाहीत.

आणि एका नराला एकच मादी ठेवू नका. हा नर दिवसभर मागे लागतो, मादीचे पर फाटलेले दिसतील. दोन तरी हव्यात, पण दुसरी त्याच माणसाकडून आणा. गार्डनेरीचे वेगवेगळ्या गावांचे वंश असतात, मिसाजे, अकुरे, न्सुका अशा नावांनी, ते एकमेकांत मिसळायचे नाहीत हा किलीवाल्यांचा जुना दंडक आहे. माद्या सगळ्या सारख्याच मातकट दिसतात म्हणून तर विचारून घ्यायचं. बाटलीवर वंशाचं नाव लिहून ठेवा.

सुदामानगरी (९ एप्रिल)
माझ्या नराचं गाव माहीत नाही, विचारतो. पर फाटलेत हे खरं आहे, मला वाटलं जन्मापासून तसेच असतील.

आता थंड जागा कुठली? एसी एकाच खोलीत आहे आणि तिथे वडील झोपतात, त्यांना माशांचा विषय नको.

जुनीइंदूरवाली (९ एप्रिल)
घरात माठ नाही का? आमच्याकडे माठाखाली ओली रेती असते तिवईच्या पाटावर, मे महिन्यात पण पाय ठेवला तर गार लागते. तिथे डबा ठेवा.

सुदामानगरी (९ एप्रिल)
आहे!!! पण तो आजीचा इलाका आहे.

लष्करकर (१० एप्रिल)
रात्री लिहितो म्हणालो आणि चार रात्री गेल्या, क्षमस्व. जरा विषयांतर होईल पण राहवत नाही.

तुमच्या गार्डनेरीची अंडी पाण्यात फुटतात, माझ्याकडे होते ते वेगळे, नोथोब्रँकियस गुंथेरी, झांझिबारचे. हे पूर्व आफ्रिकेतल्या पावसाळी डबक्यांतले मासे. पाऊस पडला की जन्म, डबकं आटायच्या आत मोठं व्हायचं, चिखलात अंडी घालायची आणि मरायचं. पुढचा पाऊस येईपर्यंत आख्खी पिढी कोरड्या चिखलात अंड्यात बसून असते. मोठा मासा एकही जिवंत नसतो त्या काळात, तलाव म्हणून जागाच नसते. आत गर्भ वाढता वाढता थांबतो, एकदा नाही, तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबू शकतो, आणि सगळी अंडी एकदम जागी होत नाहीत. म्हणजे मधेच अवकाळी सर आली आणि काही फसून फुटली तरी बाकीची शिल्लक राहतात. आपल्याकडचे शेतकरी सगळं बी एकाच पावसावर पेरत नाहीत, तसंच.

याचाच भाऊबंद फुर्झेरी, झिम्बाब्वे मोझांबिककडचा, त्याच्यावर तर म्हातारपणाचं संशोधन चालतं, कारण तो काही महिन्यांत जन्म ते म्हातारपण सगळं उरकतो. २०१८ साली मोझांबिकमधल्या डबक्यांत असे फुर्झेरी सापडल्याचं प्रसिद्ध झालं जे १४ दिवसांत वयात आले होते. १४ दिवस! आमच्याकडे गॅसची टाकी याहून उशिरा येते.

घरी करायचं काय, तर टँकच्या तळाशी पीट मॉसचा (कुंडीत घालतात त्या कुजलेल्या शेवाळाचा) वाडगा ठेवायचा, ते त्यात घुसून अंडी घालतात. मग पीट गाळून, पिळून, तपकीर जरा ओलसर असते तितकं कोरडं करून प्लास्टिकच्या पिशवीत बंद, वर तारीख. गुंथेरीला तीनेक महिने. मग थंडसर पाण्यात भिजवायचं आणि काही तासांत पिल्लं. हे सगळं नीट केलं होतं मी. पिशवी कपाटात, वर मार्करने "हात लावू नये". तीन महिने पुरे व्हायला अकरा दिवस बाकी होते आणि दिवाळीची साफसफाई निघाली. बायकोला वाटलं कुंडीतलं खत. माझे गुंथेरी मोगऱ्याला गेले. मोगरा त्या वर्षी बरा आला होता असं ती अजून सांगते.

मोरंबा (१० एप्रिल)
लष्करकर, वहिनींची बाजू ऐकल्याशिवाय मी मत देणार नाही.

पण अंड्यात बसून पावसाची वाट बघायची हे फार आवडलं.

बडोदेकर_बाप्या (११ एप्रिल)
बडोद्याहून +१. माझा अनुभव सोनेरी पट्ट्याच्या किलीचा, दुकानात गोल्डन वंडर म्हणतात तो. तो आपलाच मासा आहे, पश्चिम घाटाकडचा पट्टेरी पंचॅक्स, त्याची पिवळी केलेली जात. नवख्याने त्यानेच सुरुवात करावी असं माझं मत, मॉपमध्ये अंडी देतो, बारा चौदा दिवसांत फुटतात. पण तोंडात मावेल ते सगळं खातो, माझे छोटे निऑन मासे एकेक करून गेले आणि मी फिल्टरला दोष देत बसलो.

आणि झाकण!!! काचेच्या कोपऱ्यात वायरसाठी जी बोटभर फट ठेवतो ना, तिथूनच उडी मारतात, जणू मोजून. माझा सगळ्यात मोठा नर तीन दिवसांनी सोफ्यामागे सापडला. आईने झाडूने काढला आणि म्हणाली, अरे हे सुकट इथे कुठून आलं.

टीडीएस_मीटर (११ एप्रिल)
फटीत स्पंजचा तुकडा कोंबायचा.

सुदामानगरी (१४ एप्रिल)
अपडेट. आजीशी बोलणी झाली. अटी अशा की डब्याला घट्ट झाकण पाहिजे, निळं औषध माठाच्या आसपास ओतायचं नाही आणि डब्यावर "मासे" असं लिहायचं, म्हणजे पाहुणा आला तर कुणी मुरांबा समजून उघडणार नाही (मोरंबाताई, हलके घ्या). रेतीवर डब्यातलं पाणी दुपारी २५, पहाटे २३. फ्रिजवर ३४ होतं!

हिरवा ॲक्रिलिक मॉप केला. दुसरी मादी आणली, त्याच माणसाकडून. तो म्हणतो मिसाजे आहेत. नराला मॉप सोडायच्या आधी चार दिवस वेगळं ठेवलं आणि सगळ्यांना डासाच्या अळ्या खायला घातल्या. काल संध्याकाळी एकत्र सोडले, आज सकाळी १७ अंडी.

जुनीइंदूरवाली (१४ एप्रिल)
डासाच्या अळ्या घरात?? आमच्या वॉर्डात नगर निगमवाले कूलर तपासतात, अळ्या सापडल्या तर दंड लावतात.

सुदामानगरी (१४ एप्रिल)
गच्चीवर झाकणवाली बादली आहे, वर जाळी. दर तीन दिवसांनी सगळ्या गाळून काढतो. एकही डास होऊ देत नाही, माशांना पुरत नाहीत इतक्या कमी असतात.

रामबागचे काका (१५ एप्रिल)
तीन दिवसांचं शिस्तीत पाळा. अळीचा डास व्हायला आपल्या उन्हाळ्यात आठवडाभर पुरतो, एक लग्नकार्य निघालं आणि गावाला गेलात की झालं.

चिमणी (१९ एप्रिल)
बाळबोध प्रश्न, पिल्लं खूप झाली तर सिरपूर तलावात सोडता येतात का? डासही कमी होतील.

रामबागचे काका (१९ एप्रिल)
नाही. चिडून लिहितोय असं वाटेल पण नाही म्हणजे नाही. सिरपूर २०२२ पासून रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहे, आणि नसतं तरी परदेशी मासा आपल्या तळ्यात सोडायचा नाही. गंबुशिया मासे डासांसाठीच जगभर सोडले, आता ते स्थानिक माशांची अंडी पिल्लं खातात म्हणून लोक डोक्याला हात लावतायत. आपला देशी पंचॅक्स हेच काम शतकानुशतकं फुकट करतोय, डोक्यावर पांढरा ठिपका असलेला छोटा मासा पाण्याच्या अगदी वरच्या थरात दिसतो तो. जास्तीची पिल्लं मला द्या, मी घेतो.

सुदामानगरी (२२ एप्रिल)
डोळे दिसायला लागले!!! १७ पैकी ५ गेली पहिल्या दोन दिवसांत, १२ राहिली. भिंगातून बघितलं तर अंड्यात दोन काळे ठिपके आणि भोवती सोनेरी कडी. मधेच आतला प्राणी गर्रकन फिरतो, अंथरुणात कूस बदलल्यासारखा. आजीला दाखवलं. ती बराच वेळ भिंग घेऊन बसली आणि मग म्हणाली, याला उजेड लागतोय, झाक ते.

सुदामानगरी (१ मे)
आज अठरावा दिवस. डोळे आहेत, हालचाल आहे, फुटत कुणीच नाहीये. काय करू? गरम जागी ठेवू का?

लष्करकर (१ मे)
फ्रिजवर नको हां! एक जुनी युक्ती सांगतो, हसू नका. औषधाची छोटी बाटली घ्या, स्वच्छ, त्यात थोडं ताजं पाणी आणि अंडी, झाकण लावा, आणि शर्टाच्या खिशात घालून फिरा. अंगाची ऊब, हलणं आणि बंद बाटलीत ऑक्सिजन कमी पडणं, हे सगळं मिळून पिल्लाला कळतं की आता निघावं. दुसरी रीत म्हणजे स्ट्रॉने पाण्यात फुंकर मारायची, त्यानेही तेच होतं. पण दर अर्ध्या तासाने बघत राहा, फुटलेलं पिल्लू बाटलीत जास्त वेळ ठेवू नका.

सुदामानगरी (२ मे)
खिशात घालून स्कूटरवर ऑफिसला गेलो. विजयनगरच्या सिग्नलला खिशातून काढून बघितली, काही नाही. ११ च्या मीटिंगमध्ये बाटली टेबलावर ठेवली तर साहेब म्हणाले तब्येत ठीक आहे ना. पावणेबाराला बघतो तर एक पिल्लू!! पापणीच्या केसाएवढं, बाटलीच्या काचेला चिकटून. दुपारी घरी पळालो, आजीला बरं नाही असं सांगून (आजीला हे सांगितलेलं नाही). संध्याकाळपर्यंत १२ पैकी ११. बारावं अंडं अजून तसंच आहे.

मोरंबा (२ मे)
अभिनंदन!! पेढे कुठे? सराफ्यात बोलवा आम्हाला.

बडोदेकर_बाप्या (२ मे)
खायला काय देताय? हे महत्त्वाचं.

सुदामानगरी (४ मे)
काय सांगू. दुकानदार म्हणाला उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून गाळून द्या, दिला. सकाळी पाणी दुधासारखं आणि वास. ४ पिल्लं गेली. ७ राहिली. स्वतःचाच राग येतोय.

रामबागचे काका (४ मे)
बलकाने आपल्या पिढीने किती पिल्लं मारली त्याचा हिशोब नाही. चिमूटभर वाटतो आणि आख्खं पाणी सडवतो. गार्डनेरीची पिल्लं तशी मोठी असतात, पहिल्या दिवसापासून ताजा ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातला बारीक जीव) गिळतात. कोल्ड्रिंकची बाटली उलटी करा, बूड कापा, एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खडे मीठ, पाव चमचा ब्राइन श्रिंपची अंडी, तळापर्यंत हवेची नळी, वर दिवा. सध्याच्या गरमीत चोवीस तासांत फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर तरंगतात आणि केशरी जिवंत धूळ खाली उजेडाकडे गोळा होते. नळीने तेवढीच ओढा, रुमालातून गाळून गोड्या पाण्यात धुवा आणि मग द्या. पिल्लाचं पोट केशरी दिसलं पाहिजे, खाल्लं की नाही ते लगेच कळतं. रोज थोडं पाणी बदला, तेही त्याच तापमानाचं.

टीडीएस_मीटर (५ मे)
आणि टँकवर जेल रोडवरून कॉम्प्युटरचा जुना पंखा आणून लावा, पाण्यावर वारा पडला की दोन तीन डिग्री उतरतात. पाणी उडून जातं तेवढं आरओचं भरा, नाहीतर क्षार वाढत जातात. शेवटी पाण्यावर आलोच की नाही!

सुदामानगरी (२० जून)
बरेच दिवस आलो नाही. मे कसाबसा निघाला, पंखा लावला म्हणून वाचलो, एका दुपारी वीज गेली तेव्हा बर्फाच्या पिशव्या टँकमध्ये तरंगवत बसलो होतो, आजी पदराने वारा घालत होती (टँकला). ७ च्या ७ आहेत. सगळी दोन सेंटिमीटरच्या आसपास. आज सकाळी बाहेर पाऊस, मी ब्राइन श्रिंप देत होतो आणि एकाच्या अंगावर कल्ल्याच्या मागे तीन लाल ठिपके दिसले. काल नव्हते, मी शपथ घेतो. तो लगेच दुसऱ्याच्या अंगावर धावून गेला.

काका, दोन माद्या निघाल्या तर तुम्हाला. ते बारावं अंडं मी महिनाभर ठेवलं होतं, नाही फुटलं. आणि माठाखालची जागा आता गेली, आजीने तिथे लोणच्याची बरणी ठेवलीय, म्हणते तुझं झालं आता माझं. पुढची अंडी काढायच्या आधी नवी बोलणी करावी लागतील.

जुनीइंदूरवाली (२० जून)
लोणचं गार जागी लागत नाही. आजींना मासे परत हवेत, त्या फक्त विचारायची वाट बघतायत.